धुक्यातल्या कॅमेऱ्यासाठी एफपीजीए की जीपीयू?

खंडाळ्याच्या घाटात पावसाळ्यात ढग रस्त्यावर उतरले की कॅमेऱ्याचे चित्र पांढुरके होते. ते कॅमेऱ्यापाशीच स्वच्छ करायचे असेल, तर निवड मुख्यतः एफपीजीए (ज्याची अंतर्गत जोडणी हव्या त्या कामासाठी ठरवता येते अशी चिप) आणि लहान जीपीयू (अनेक गणिते एकाच वेळी करणारा ग्राफिक्स प्रोसेसर) बोर्ड यांच्यात असते. संशोधक काइमिंग हे (Kaiming He) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये मांडलेली, चित्रातले धुके काढण्याची ‘डार्क चॅनल’ पद्धत दोन्हींवर चालते. निरभ्र चित्राच्या बहुतेक छोट्या चौकटींत (आकाश वगळता) एखादा पिक्सेल निदान एका रंगात जवळजवळ काळा असतो. तो जितका उजळलेला दिसेल, तितके तिथले धुके दाट मानायचे.

एफपीजीएमध्ये चित्र ओळीओळीने वाहत जाते. 15×15 पिक्सेलच्या चौकटीसाठी आधीच्या 14 ओळी साठवल्या की पुरते. 1920 पिक्सेल रुंदीला ही साठवण जेमतेम 27 किलोबाइट भरते, आणि 1080पी चित्र सेकंदाला 60 फ्रेमने येत असेल, तर चौकटीमुळे होणारा विलंब सुमारे 0.1 मिलिसेकंद असतो. धुक्याच्या प्रकाशाची तीव्रता मात्र मागच्या फ्रेमवरून घ्यावी लागते, कारण चालू फ्रेम अजून पूर्ण आलेली नसते. जीपीयूवर सहसा अख्खी फ्रेम आधी मेमरीत येते, म्हणजे 16.7 मिलिसेकंद तिथेच जातात. नियंत्रण कक्षात बसून पाहणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही. गाडी चालवणाऱ्याच्या पडद्यासाठी तो मोजावा. उलट, जीपीयूवर पद्धत बदलणे सोपे असते, तर एफपीजीएचा आराखडा पुन्हा तयार करण्यात अनेकदा तास जातात आणि व्हेरिलॉग (असा आराखडा लिहिण्याची भाषा) उत्तम जाणणारा माणूसही लागतो.

माझ्या मते बोर्डापेक्षा सेन्सरकडे अधिक लक्ष द्यावे. धुक्यातून वस्तूचा दहावा हिस्साच प्रकाश पोहोचत असेल, तर 8 बिटच्या 256 पायऱ्यांपैकी जेमतेम 25 तिच्या वाट्याला येतात, आणि त्या ताणल्या की त्यांच्यासोबत कॅमेऱ्याची खरखरही दहापट होते. 12 बिटच्या सेन्सरवर त्याच वस्तूला 400 हून अधिक पायऱ्या मिळतात. कॉम्प्रेस करताना असे बारीक फरक हरवतात, म्हणून प्रक्रिया व्हिडिओ कॉम्प्रेस होण्याआधीच व्हायला हवी. दोन्ही बोर्डांवर ते शक्य आहे, पण तयार आयपी कॅमेऱ्याचा (नेटवर्कवरून चित्र पाठवणाऱ्या कॅमेऱ्याचा) कॉम्प्रेस झालेला प्रवाह घेऊन नंतर धुके काढणे मी सुचवणार नाही.

त्याच बोर्डावर वाहने ओळखायची असतील, तर जीपीयू घ्यावा. नुसते स्वच्छ चित्र, कमी वीज आणि वर्षानुवर्षे न बदलणारे काम हवे असेल, तर एफपीजीए सरस ठरतो. थर्मल कॅमेरा हलक्या धुक्यात माणूस दाखवतो, पण नंबरप्लेट वाचायला तो चालत नाही, कारण अक्षरे आणि पाटी यांचे तापमान जवळपास सारखेच असते.