लाटांचं एम.टेक.: दोन वर्षं वापरून दिलेला अभिप्राय

गेटचा, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की मला चार-पाच फोन येतातच. कुणी चिपळूणचं, कुणी गुहागरचं, सगळे सिव्हिलवाले. "ताई, तुम्ही ते समुद्राचं केलंत ना, करू का?" म्हणजे समुद्रातल्या आणि किनाऱ्यावरच्या बांधकामांचं एम.टेक. प्रत्येकाला तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाच लिहून ठेवते. कॉलेजचं नाव देत नाही. दक्षिणेकडचं आहे, किनाऱ्यावरचं आहे, एवढं पुरे. थोडी कुरकुर करायची आहे आणि तिथल्या सरांनी माझं पुष्कळ केलंय.

मी रत्नागिरीजवळच्या मिऱ्यावरची. घरामागे पंधरा पावलांवर दगडांचा बंधारा, पलीकडे समुद्र. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात बसरा स्टार जहाज आमच्या किनाऱ्याला लागलं, तेव्हा मी डिग्रीच्या तिसऱ्या वर्षाला होते. सगळं गाव जहाज बघायला आलं. मी बघत होते बंधाऱ्याकडे. माणसाला हलवता येणार नाहीत असे दगड खाली उतरले होते. पुढे दोन वर्षं एका ठेकेदाराकडे नोकरी केली, तरी ते डोक्यातून गेलं नाही.

प्रवेशाचं थोडक्यात. गेट तीन तासांचं, ६५ प्रश्न, १०० मार्क, स्कोअर तीन वर्षं चालतो. मी सिव्हिलचाच पेपर दिला. २०२२ पासून नेव्हल आर्किटेक्चरचा वेगळा पेपर निघालाय, पण तो जहाजवाल्यांचा. बंधाऱ्यासाठी त्याच्या वाटेला जायची गरज नाही. आयआयटीच्या ऑफर एका पोर्टलवर येतात, एनआयटीच्या दुसऱ्या, दोन्हीकडे लक्ष ठेवा. विद्यावेतनाचे दरमहा १२,४०० रुपये मिळतात. म्हणजे मिळायला हवेत. मला पहिले चार महिने छदाम आला नाही आणि नंतर एकदम आले. तोवर मेसचं बिल बाबांनी सुरमई विकून भरलं. निघताना वर्षभराचे पैसे गाठीला ठेवा.

आता ज्याच्यासाठी हा कोर्स घ्यावा ते सांगते. लाटांचं टाकं. लांबच लांब काचेचा हौद, एका टोकाला पुढेमागे हलणारी फळी, दुसऱ्या टोकाला तुम्ही रचलेला बंधारा. माझं मॉडेल १:३६ चं होतं. लांबी ३६ पटींनी लहान झाली की वेळ त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे ६ पटींनी, आखडतो. नऊ सेकंदांची लाट टाक्यात दीड सेकंदाची होते. वजन मात्र घनाने उतरतं: ४६,६५६ पट. दोन टनांचा धोंडा होतो ४३ ग्रॅमचा, सोललेल्या सुपारीपेक्षा जरा मोठा. असे नऊशे दगड मी तराजूवर एकेक करून निवडले. लॅबचे अण्णा रोज विचारायचे, "सोनं तोलतेस का?" मग ते ऑइलपेंटने रंगवायचे, एक पट्टा लाल, एक पिवळा, एक पांढरा. पांढऱ्यातला दगड लालमध्ये दिसला की तो किती सरकला ते मोजायचं. एक फेरी झाली की पाणी शांत होईपर्यंत गप्प बसायचं. एम.टेक.चा निम्मा वेळ मी पाणी थांबायची वाट बघण्यात घालवला, आणि खरं सांगते, तो वेळ वाया गेला नाही.

तिथेच हडसनचं सूत्र अंगात भिनलं. बंधाऱ्याला लागणाऱ्या दगडाचं वजन लाटेच्या उंचीच्या घनाने वाढतं. दोन मीटरच्या लाटेला एक टनाचा दगड पुरत असेल, तर तीन मीटरच्या लाटेला जवळजवळ ३.४ टनांचा लागतो. लाट दीडपट, दगड सव्वातीन पटींहून जास्त. दगड एकमेकांत किती घट्ट अडकतात त्याचाही एक आकडा असतो. फुटणाऱ्या लाटेत खडबडीत दगडाला २ धरतात, टेट्रापॉडला, म्हणजे चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्याला, ७. वर्गात हे फळ्यावर आलं तेव्हा मला आमच्या परसातला उतरलेला धोंडा दिसत होता. बाबांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "दगड मोठा घातलास तरी खालची वाळू गेली की बसणारच गो." पुढच्या सत्रात पायथ्याच्या धुपीवर अख्खं प्रकरण निघालं.

भरतीच्या तासाला तर गंमतच झाली. सर चंद्रामुळे दर १२.४२ तासांनी येणाऱ्या भरतीचा घटक समजावत होते. मी म्हटलं, आमच्याकडे भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला तीनला भरती, अष्टमीला सहाला. सरांनी खडू माझ्या हातात दिला. तीस तिथ्यांत भरती चोवीस तास पुढे सरकते, म्हणजे तिथीला ०.८ तास. पाऊणपट म्हणजे ०.७५. तिथीमागे तीन मिनिटांची चूक, पौर्णिमेपर्यंत पाऊण तास. बाबांना कळवलं. "जाळ्याला पाऊण तास चालतो," एवढंच उत्तर आलं.

आता वाईट. अभ्यासक्रम तेलाच्या प्लॅटफॉर्मनी भरलेला. चार पायांचा लोखंडी सांगाडा खोल पाण्यात कसा उभा राहतो, यावर दोन सत्रं जातात. किनारा, वाळू, बंधारा यांच्या वाट्याला जेमतेम दोन विषय. सॉफ्टवेअर जुनं, लायसन्स मोजकीच, त्यामुळे रात्री अकराला नंबर लागायचा. प्रत्यक्ष किनाऱ्यावर दोन वर्षांत एकदा नेलं, तेही ओहोटीला, आणि जेवायच्या घाईत. प्लेसमेंटला आल्या त्या दोन्ही कंपन्या तेलवाल्या. "बंदरं-बंधारे करायचेत" म्हटल्यावर समोरच्याने पेनाला टोपण लावलं. नुसता पगार वाढवायचा असेल तर इमारती-पुलांचं स्ट्रक्चर्स घ्या, कुणी नावं ठेवणार नाही.

मी पाचातले साडेतीन देते. एक पैशांच्या उशिरासाठी कापला, अर्धा प्लॅटफॉर्मसाठी. टाकं नसतं तर दोनवरच थांबले असते. म्हणून कुठलंही कॉलेज निवडताना आधी तिथल्या मुलांना विचारा, टाकं चालू आहे का, आणि एम.टेक.वाल्यांना ते किती दिवस हाताळायला मिळतं. माहितीपत्रकातल्या फोटोवर जाऊ नका. फोटोत सगळी टाकी भरलेलीच असतात.

गेटच्या माझ्या वह्या अजून आहेत. झेरॉक्स काढून परत आणून देणार असाल तर घरी या, फक्त पावसाळ्यातल्या अमावस्या-पौर्णिमेला नको. उधाणाचं पाणी परसात येतं आणि वह्या माळ्यावर चढवलेल्या असतात.