शेत तोंडी बोलीवर दुसऱ्याला कसायला द्यावे की स्वतः कसावे?

गोव्यातल्या डिचोलीच्या माझ्या भाच्याला पडलेला हा पेच. गोव्याचा १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला मालक केले, ते न्याय्यच होते. पण ‘कूळ लागेल’ या धास्तीने कितीतरी शेते पडीक राहिली.

तोंडी दिल्यास खर्च नाही, बांधही शाबूत राहतात. मात्र एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर नाव नसलेल्याला बँक सहसा दारात उभी करत नाही. तोंडी घेतलेले शेत कसणाऱ्या आमच्या शेजारणीने कानातली गहाण ठेवून खत आणले. ते अजून सलते. तिच्यासारख्यांना संयुक्त दायित्व गटातून (एकमेकांच्या कर्जाची हमी घेणाऱ्यांच्या गटातून) कर्ज मिळू शकते, हे सांगणारे कुणी हवे.

स्वतः कसल्यास किसान क्रेडिट कार्डावर ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज, वेळेत फेडले तर ४ टक्क्यांनी. पण वायंगणाला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातपिकाला, पाण्यावर सतत लक्ष लागते.

नोकरी पणजीत असेल तर विश्वासू शेजाऱ्याला द्यावे. गावात राहणाऱ्याने स्वतःच कसावे.