शेगाव, भक्तनिवास आणि महाप्रसाद: साडेचार तारे, अर्धा बाकी

आधीच सांगतो, मी शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला नाही, भांडायला गेलो होतो. बाकीचे पाच तारे देतात आणि मी साडेचार, तो फरक त्यामुळे.

आमची वरूड तालुक्यात तीन एकर संत्र्याची बाग. ३२० झाडं, अकरा वर्षांची. यंदा विहीर फेब्रुवारीतच तळाला गेली. आमच्या भागात बोअर आता हजार फुटांपर्यंत नेतात, तरी भरवसा नाही. एप्रिलमध्ये मीही मारली. पाणी पाहणाऱ्यानं तळहातावर नारळ आडवा धरला, तो उभा झाला, तिथं खूण केली. रात्री बोअर मारणारी तमिळनाडूची गाडी लागली. मी नवस बोललो, पाणी लागलं तर बहाराची ५१ किलो संत्री महाराजांच्या पायाशी. तीनशे फुटांवर जरा ओलं आलं, बायको हात जोडून उभी राहिली. पुढं ८६० फुटांपर्यंत नुसती भुकटी. सकाळी बागेतल्या पानापानावर राखाडी थर बसलेला, आणि गाडीवाल्याचा हिशेब फुटावर, पाणी लागो की न लागो. नारळवाल्याबद्दल काही लिहीत नाही. नारळही माझाच होता.

मे संपता संपता बायको म्हणाली, शेगावला जाऊ.

"नवस कायचा फेडू? पाणी कुठी आहे?"

"नवस नका फेडू. भेटून येऊ. जावयानं उसने पैसे नाही देले म्हणून लेकीच्या घरी जाणं सोडता काय?"

आता याच्यावर काय बोलणार.

एसटीनं अमरावती (बायकोचं तिकीट अर्धं, तेवढीच बचत), बडनेऱ्याहून रेल्वे, मूर्तिजापूर, अकोला, मग शेगाव. आम्ही आधी काही ठरवलं नव्हतं. भक्तनिवासात नंबर लावला, आधारकार्ड दाखवलं, खोली मिळाली. भाडं इतकं कमी की पावती दोनदा पाहिली. चादरी धुतलेल्या, मोरी कोरडी, वास नाही. आणि नळाला पाणी, चांगल्या धारेचं. मी नळ सोडला आणि पाहतच राहिलो. "अवो, किती सांडता!" म्हणून तिनंच येऊन बंद केला.

दर्शनाला दोन तास लागले. वर राममंदिर, खाली भुयारात समाधी. रांगेत "गण गण गणात बोते" चाललेलं, मी मात्र मनात माझं प्रकरण जुळवत होतो: नारळ, फूट, गाडीचे पैसे, टँकरचे पैसे, सगळं क्रमानं. समाधीसमोर पोचलो, "महाराज, ८६० फूट..." एवढंच झालं आणि सेवाधारी म्हणाला, "माऊली, पुढे चला." भांडण ८६० फुटांवरच अडलं.

महाप्रसाद हा या परीक्षणाचा खरा विषय. पोळी, भाजी, वरण, भात आणि एक गोड. पैसे नाहीत. पंगतीत माझ्या एका बाजूला सोन्याचं कडं घातलेला माणूस, दुसऱ्या बाजूला भुसावळकडची मजूर बाई, वरण एकाच बादलीतलं. वरण आमच्या घरच्यापेक्षा पातळ, पण गरम. कोणी ताटात टाकत नव्हतं. महाराज २३ फेब्रुवारी १८७८ ला लोकांना पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचताना. वर पाणी प्यायले ते गुरांसाठी ठेवलेलं. ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, पण पाणी विकत घेणाऱ्या माणसाला ती तिथं बसून वेगळी ऐकू येते.

आमच्या पंगतीत पाणी वाढणारे एक बुवा साठीचे. संध्याकाळी ते आवारात झाडू मारताना भेटले. तेल्हाऱ्याकडचे शेतकरी, सेवेची पाळी होती म्हणून आलेले. मी बोअरचं सगळं सांगितलं, महाराजांना सांगायचं राहिलेलं तेही. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"आमच्याइकडे खारपाणपट्टा. पाणी लागते, पण खारं. ढोरंही तोंड लावत नाही. तुमची कोरडी गेली तं निदान मोटरीचा खर्च वाचला."

एप्रिलनंतर मी पहिल्यांदा हसलो.

रात्री बायकोनं अकोलीच्या विहिरीची गोष्ट काढली. भास्कर पाटलानं महाराजांना पाणी नाकारलं, आणि बारा वर्षं कोरडी विहीर भरली. मी म्हटलं, पुढचंही सांग. विहिरीला पाणी लागलं आणि पाटील शेतच सोडून महाराजांच्या मागं गेला. ज्याला बागाईत करायची आहे त्याचं महाराज ऐकत नाहीत, आणि ज्याचं ऐकतात तो बागाईत करत नाही. ती म्हणाली, "तुमी झोपा."

परत जाताना स्टेशनजवळ कचोरी घ्या. मूगडाळीचं सारण, सोबत तळलेली मिरची. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी १९५० च्या सुमारास ती इथं सुरू केली. गरमच खा. आम्ही घरी नेल्या त्या वातड झाल्या, त्यात दोष आमचाच.

पाऊस उशिरा आला. ९० झाडं तोडावी लागली, बाकीची टँकरवर तगली. बोअरच्या तोंडावर दगड ठेवला आहे, कुत्र्याचं पिल्लू पडू नये म्हणून. अर्धा तारा मी संस्थानाचा कापलेला नाही. त्यांच्याकडं बोट ठेवायला जागा नाही. तो देवाकडं उधार आहे, आणि उधारी असलेल्या दुकानात माणूस जात राहतो.

दिवाळीनंतर उरलेल्या झाडांची संत्री घेऊन जाणार आहोत. बायको म्हणते ५१ किलो. मी म्हटलं, साडेपंचवीस.