सूर बदलून देणारं अ‍ॅप : नोटिशीला चालेल, सांत्वनाला नाही

वाचनालयाचा पत्रव्यवहार मी सांभाळते, त्यामुळे 'पुस्तक परत करा' हे एकच म्हणणं कितीतरी माणसांना कितीतरी तऱ्हांनी सांगावं लागतं. त्यासाठी फोनवर हे अ‍ॅप घेतलं. वाक्य टाकायचं, 'औपचारिक', 'मैत्रीपूर्ण' किंवा 'थोडक्यात' निवडायचं, की नवं वाक्य हजर.

'थोडक्यात' उत्तम आहे. लांबलचक सूचनेतला पाल्हाळ ते नेमका छाटतं आणि तारीख-वेळ हरवू देत नाही. वार्षिक सभेची नोटीस मी आता त्यातूनच काढते.

सुराची गोष्ट वेगळी. 'तुम्ही पुस्तक अजून परत केलेलं नाही' हे औपचारिक करायला दिलं, तर आलं : 'कृपया आपण आपले पुस्तक लवकरात लवकर परत करण्याची कृपा करावी.' कृपा दोनदा आली, वर तगादाही वाढला. मला हवं होतं, 'पुस्तक अजून परत आलेलं नाही.' 'तुम्ही' काढलं, 'करणे'च्या जागी 'येणे' आणलं, की दोष कुणावरच राहत नाही आणि काय करायचं ते तर कळतंच. मराठीतली अदब बरीचशी क्रियापदात असते. आणि जवळीक त्या छोट्या अव्ययांत : कुणाला बोलावताना 'या', 'या ना', 'याच', 'या हं' हे म्हणणारी माणसं वेगवेगळ्या नात्यांतली असतात. 'मैत्रीपूर्ण'ला यातलं एकही सुचत नाही. ते नुसती उद्गारचिन्हं लावतं.

सांत्वनाच्या पत्राला मात्र याला हात लावू देऊ नका. एका सभासदांचे वडील गेले तेव्हा लिहिलेल्या दोन ओळी दिल्या, तर 'तीव्र दुःख व्यक्त करण्यात येत आहे' असं परत आलं. दुःख कुणाला झालंय, याचा वाक्यात पत्ताच नाही! शेवटी 'बाबा गेल्याचं कळलं. फार वाईट वाटलं' एवढंच पाठवलं.

एक युक्ती उपयोगी पडते. वाचणारा कोण, वयाने मोठा की लहान, आणि त्याने काय करावं असं आपल्याला वाटतं, हे वाक्यासोबतच लिहून द्यायचं. मग बरंच बरं वाक्य मिळतं. बनवणाऱ्यांनी हे प्रश्न सुरुवातीलाच विचारायची सोय करावी. सध्या 'तुम्ही'ने सुरू झालेलं पत्र 'आपण'वर संपतं, आणि आमच्या ज्येष्ठ सभासदांना ते लगेच खटकतं.