फ्लोट्रीव्हर: गुठळी निघते, पण रक्त सांभाळा

फुप्फुसाच्या धमनीत मोठी गुठळी अडकून रक्तदाब कोसळला की नेहमीचा उपाय म्हणजे दोन तासांत 100 मिलिग्रॅम अल्टिप्लेझ, म्हणजे गुठळी विरघळवणारं औषध. पण नुकतंच ऑपरेशन झालंय, मेंदूत कधी रक्तस्राव झालाय, अशा रुग्णाला ते कसं देणार? तिथे फ्लोट्रीव्हरची, म्हणजे शिरेतून नळी घालून गुठळी ओढून काढणाऱ्या साधनाची, खरी किंमत कळते. औषधाने गुठळी विरघळण्याची वाट न बघता ती ओढून काढता येते आणि बऱ्याचदा टेबलावरच ऑक्सिजन सुधारतो.

जांघेतल्या शिरेत सोनोग्राफी बघत शिरायचं, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) देऊन एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, 250 सेकंदांच्या वर ठेवायचा. उजव्या हृदयातून जाताना पिगटेल (टोक वळलेलं) किंवा टोकाला फुगा असलेलं कॅथेटरच घ्यावं. नुसती वायर ट्रायकस्पिड झडपेच्या दोऱ्यांत शिरली, तर मागून येणारी 24 फ्रेंचची, म्हणजे 8 मिलिमीटर जाडीची नळी त्या दोऱ्या फाडू शकते. ईसीजीत आधीच डावा बंडल ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूला जाणाऱ्या विद्युत संदेशातला अडथळा) असेल तर तात्पुरता पेसमेकर हाताशी हवा. पूर्ण भूल शक्यतो टाळावी. दमलेलं उजवं हृदय तेवढ्यानेही बसतं.

नळी गुठळीला भिडली की 60 मिलिलिटरच्या सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून लॉक करायचा आणि नळीवरचा कॉक (तोटी) एकदम उघडायचा. सिरिंज झटकन रक्ताने भरली तर नळीचं तोंड गुठळीवर नव्हतं. काहीच आलं नाही तर बहुधा गुठळी तोंडात अडकलीय. अशा वेळी ओढ कायम ठेवून अख्खी नळी बाहेर घ्यायची. ओढ सुटली की तुकडाही सुटतो.

उणीव इथेच आहे. पाच ओढी वाया गेल्या की 300 मिलिलिटर रक्त गेलं. त्यामुळे रक्त गाळून परत देणारा फ्लोसेव्हर आमच्या मते ऐच्छिक नाहीच. पहिल्या ओढीआधी तो मांडलेला असावा.

पीअरलेस चाचणीत (2024, 550 रुग्ण) कॅथेटरमधून औषध सोडण्याच्या तुलनेत प्रकृती खालावणं आणि आयसीयूची गरज कमी दिसली. मृत्यूंत मात्र फरक नव्हता. शिवाय ते रुग्ण रक्तदाब टिकून असलेले होते, हे विक्रेत्याच्या सादरीकरणात नीट विचारून घ्यावं.

जुन्या गुठळीवर हे साधन वापरू नये. फुप्फुसधमनीचा वरचा दाब 60 च्या पुढे आणि उजव्या हृदयाची भिंत जाड असेल तर गुठळी महिन्यांपूर्वीची, धमनीला चिकटलेली असण्याची शक्यता मोठी. ती ओढली तर धमनी फाटण्याचा धोका असतो.