लेगो सिरियस प्ले: कन्सल्टिंगवाल्यांनी वापरावं का?

लेगो सिरियस प्ले म्हणजे लेगोच्या ठोकळ्यांनी मॉडेल बांधून कामाच्या प्रश्नांवर बोलायची पद्धत. दोनेक वर्षं क्लायंटच्या वर्कशॉपमध्ये वापरतोय म्हणून लिहितो. आधी वाटलेलं, मोठी माणसं ठोकळे घेऊन काय खेळणार, पण पहिल्याच वेळी, पीपीटीसमोर तासभर तोंड न उघडलेल्या एका मॅडमनी दार नसलेली भिंत बांधली आणि म्हणाल्या, "हे आमचं अप्रूव्हल". सगळे हसले, मग एकदम गप्प. पुढचा दीड तास बोलणं त्या भिंतीवरच.

पद्धत सोपीये: प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने मॉडेल बांधायचं, त्याची गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे ते पण मॉडेलबद्दल, माणसाबद्दल नाही. बोलावं सगळ्यांनाच लागतं, साहेबांनाही. २०१० पासून मूळ पद्धत ओपन सोर्स आहे, म्हणजे कुणीही वापरू शकतं, तरी ट्रेनिंग केलेलं बरं, कारण खरी मेहनत प्रश्न ठरवण्यात जाते. मी एकदा "यशस्वी टीम बांधा" असला गुळमुळीत प्रश्न दिला, बारापैकी नऊ जणांनी मनोरा बांधला न् वर झेंडा. दिवस फुकट.

खटकलं काय तर वेळ फार खातं, आणि नंतर ते बारके तुकडे वेगळे करत बसणं म्हणजे डोक्याला ताप. नुसता आइसब्रेकर हवा असेल तर मार्शमॅलो चॅलेंज करा (टीमने उंचात उंच मनोरा बांधून वर मार्शमॅलो ठेवायचा), स्पॅगेटीच्या २० काड्या, १८ मिनिटं, विषय संपला. आणि हो, साहेबांचा निर्णय आधीच झालेला असेल तर हे करूच नका, लोकांना कळतं बरोबर.

पाचपैकी चार स्टार, एक त्या आवराआवरीसाठी कापला.