वर्डप्रेसचा ब्लॉक एडिटर आणि ‘ऑर्डर द्या’चा पट्टा: तीन हंगामांच्या वापरानंतर

डोंबिवलीत माझ्या वहिनीचा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. दिवाळीला चकली, चिवडा, करंज्या, अनारसे, संक्रांतीला तिळगूळ आणि गुळपोळ्या, उन्हाळ्यात पापड-कुरडया, भाजणी आणि मेतकूट बारा महिने. पदार्थ तिचे, वेबसाइट माझ्याकडे. साइट वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर आहे. गेल्या गणपतीनंतर ती मी एका पेज बिल्डरवरून, म्हणजे पानं रचण्याच्या वेगळ्या साधनावरून, वर्डप्रेसच्या स्वतःच्या ब्लॉक एडिटरवर आणली. त्यात मथळा, परिच्छेद, बटण असे सुटे ब्लॉक जोडून पान बांधतात. दिवाळी, संक्रांत आणि उन्हाळा असे तिन्ही हंगाम आता त्यावर पार पडलेत. त्यामुळे पानातला जो भाग प्रत्यक्ष ऑर्डर आणतो, त्या कॉल टू अ‍ॅक्शनच्या पट्ट्याबद्दल मनापासून आणि जरा सविस्तर लिहिते. मथळा, एक-दोन ओळी, बटण आणि मागे रंग किंवा फोटो, एवढाच तो पट्टा. पण घरगुती व्यवसायाची साइट त्याच्यावरच चालते.

माझं मत आधीच सांगून टाकते. छोट्या व्यवसायाला हा एडिटर पुरतो, आणि त्यातली सिंक्ड पॅटर्नची सोय (एकच पट्टा अनेक पानांवर, बदल मात्र एकाच जागी) इतकी उपयोगी आहे की तेवढ्यासाठी मी परत जुन्या व्यवस्थेकडे जाणार नाही. मोबाइलच्या बाबतीत मात्र तो तोकडा पडतो. आणि मराठी मजकूर असेल तर काही सेटिंग हाताने बदलावीच लागतात.

पट्टा जोडणं सोपं आहे. अधिकच्या चिन्हावर क्लिक करून पॅटर्न्समध्ये, म्हणजे तयार रचनांमध्ये, गेलं की ‘कॉल टू अ‍ॅक्शन’ असा वेगळा गटच दिसतो. आम्ही ट्वेन्टी ट्वेन्टी-फाइव्ह ही थीम (साइटच्या रूपाचा तयार साचा) वापरतो, नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेस ६.७ बरोबर आलेली. तिच्यात असे तयार पट्टे बरेच आहेत. दोन-तीन टाकून पाहिले आणि मग स्वतःचाच बांधला: बाहेर ग्रुप ब्लॉक, आत मथळा, परिच्छेद आणि बटणं. पहिलं बटण भरीव, दुसरं नुसत्या चौकटीचं. भरीव बटणावरून व्हॉट्सअ‍ॅप उघडतं, चौकटीचं दरपत्रकावर नेतं. तयार पट्टे दिसायला देखणे असतात, पण त्यांतल्या मोकळ्या जागा इंग्रजी मथळ्यांच्या मापाने ठेवलेल्या असतात. ‘परदेशात पाठवण्यासाठी ऑर्डर नोंदवा’ एवढं त्यात लिहिलं की सगळं खाली ढकललं जातं.

फोटो मागे हवा असेल तर ग्रुपऐवजी कव्हर ब्लॉक घ्यायचा. त्याची किमान उंची मुळात ४३० पिक्सेल असते. लॅपटॉपवर ती शोभून दिसते, फोनवर मात्र निम्म्याहून अधिक पडदा व्यापते. मी ती बरीच कमी केली. कव्हरमधली फोकल पॉइंटची सोय जरूर वापरा. फोटोतल्या महत्त्वाच्या जागेवर तो ठिपका सरकवायचा, म्हणजे अरुंद पडद्यावर फोटो कापला गेला तरी ती जागा शिल्लक राहते. आमच्या फोटोत ताटाच्या एका कडेला चकल्या आहेत आणि बाकी टेबलच टेबल. ठिपका चकल्यांवर नेला आणि फोनवर टेबलाऐवजी चकल्या दिसू लागल्या.

रंगांबद्दल एडिटर स्वतःहून सावध करतो, ही मला फार आवडलेली गोष्ट. आमचा ठरलेला रंग झेंडूसारखा केशरी. त्यावर पांढरी अक्षरं ठेवली की लगेच सूचना येते, हे रंग एकत्र वाचायला अवघड जातील. सूचना रास्त आहे. सुगम्यतेच्या, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या, डब्ल्यूसीएजी या निकषांनुसार साध्या आकाराच्या मजकुरासाठी रंगभेदाचं गुणोत्तर किमान ४.५:१ लागतं, आणि झगझगीत केशरीवर पांढरं ३:१ सुद्धा गाठत नाही. वहिनीच्या ग्राहकांत साठी ओलांडलेल्या बायका पुष्कळ आहेत, उन्हात गॅलरीत उभ्या राहून फोन बघणाऱ्या. म्हणून बटणाला गडद मरून रंग आणि पांढरी अक्षरं दिली, केशरी फक्त पट्ट्याच्या कडेला ठेवला. कव्हर ब्लॉकमध्ये मात्र या सूचनेवर विसंबू नका. ती रंगांचा हिशेब करते, अक्षरांमागे फोटोतला उजळ भाग येतोय का हे तिला कळत नाही. तिथे ओव्हरलेची, म्हणजे फोटोवरच्या रंगाच्या थराची, अपारदर्शकता वाढवून स्वतःच्या डोळ्यांनी बघावं लागतं.

आता देवनागरीचं. इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शनात हे कुठे सापडत नाही, म्हणून जरा रेंगाळते.

पहिली गोष्ट लेटर स्पेसिंग. टायपोग्राफीच्या पॅनेलमध्ये हे सेटिंग असतं आणि बटण ‘मोकळं’ दिसावं म्हणून बरेच डिझायनर ते वाढवून ठेवतात. रोमन लिपीत ते खपून जातं. देवनागरीत शिरोरेषा तुटते. ‘ऑर्डर द्या’चे तुकडे पडतात, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर वेगळी रेघ येते आणि शब्द शब्दासारखा दिसत नाही. मराठी साइटवर ते शून्यच हवं, बटणातही आणि मथळ्यातही.

दुसरी गोष्ट लाइन हाइट. बटणातला मजकूर फोनवर दोन ओळींत गेला आणि ओळींमधलं अंतर कमी असेल, तर वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्या-मात्रांना भिडतात. मी १.५ ठेवलंय. मथळ्यालाही तेवढंच, कारण मोठ्या अक्षरांत ही टक्कर जास्त उठून दिसते.

तिसरी गोष्ट फॉन्ट, आणि ती सर्वांत महत्त्वाची. या थीमचा मूळ फॉन्ट मॅनरोप, त्यात देवनागरी नाही. मग प्रत्येक उपकरण आपल्याजवळचा देवनागरी फॉन्ट लावतं: अँड्रॉइडवर सहसा नोटो सान्स, विंडोजवर निर्मला, आयफोनवर आणखी तिसराच. अक्षरांची रुंदी बदलते, तसं बटणही बदलतं. माझ्या फोनवर एका ओळीत बसणारा मजकूर वहिनीच्या फोनवर दोन ओळींत जायचा तो यामुळेच. उपाय एडिटरमध्येच आहे. एप्रिल २०२४ च्या ६.५ आवृत्तीपासून फॉन्ट लायब्ररी आली आहे. तिथून गूगल फॉन्ट्समधला मुक्ता घेतला. मुंबईच्या एक टाइपने तो केलाय, आणि देवनागरीबरोबरच रोमन अक्षरंही त्यात असल्यामुळे ‘५०० ग्रॅम’ आणि इंग्रजी पत्ता शेजारी शेजारी बरे दिसतात. त्याची सात वजनं आहेत. ती सगळी घेऊ नका, प्रत्येकाची वेगळी फाइल उतरते. मी साधं आणि ठळक अशी दोनच घेतली. फाइल आपल्याच सर्व्हरवर राहते, हाही एक फायदा.

बटणाच्या रुंदीला २५, ५०, ७५ आणि १०० टक्के असे पर्याय मिळतात. लॅपटॉपवर निवडलेले ५० टक्के फोनवरही ५० टक्केच राहतात आणि मराठी मजकूर त्यात कोंबला जातो. रुंदी न निवडता बटणाला मजकुराइतकं पसरू द्यावं, आतली जागा थोडी वाढवावी. बोट नीट टेकेल एवढं बटण हवं. डब्ल्यूसीएजीच्या कडक पातळीवर ४४ पिक्सेलचं माप सांगितलंय, मी ते किमान धरून चालते.

आता सिंक्ड पॅटर्नकडे येते. ही सोय ‘रियूजेबल ब्लॉक’ या नावाने २०१८ पासूनच होती, ऑगस्ट २०२३ मध्ये ६.३ आवृत्तीत तिला सध्याचं नाव मिळालं. एकदा बांधलेला पट्टा सिंक्ड म्हणून जतन केला की तो दहा पानांवर टाकता येतो, आणि मूळ पट्टा बदलला की सगळीकडे बदलतो. आमच्या कामात याची किंमत काय, ते फराळवालेच जाणतील. परदेशी पार्सलची शेवटची तारीख उलटते, त्या संध्याकाळी साइटवर एकाही पानावर ‘अमेरिकेला पाठवतो’ असं राहून चालत नाही. न्यू जर्सीहून कुणी पैसे पाठवले आणि डबा भाऊबीजेनंतर पोचला, तर त्या माणसाची दिवाळी गेली. आता मूळ पट्ट्यात एक ओळ बदलते आणि सेव्ह करते. कॅशिंगचं प्लगइन असेल तर त्यानंतर कॅश (पानांच्या साठवलेल्या प्रती) रिकामी करायची, नाहीतर लोकांना जुनंच पान दिसत राहतं.

पण सगळी पानं हुबेहूब सारखी असूनही भागत नाही. चकलीच्या पानावर चकलीचं बोलायला हवं. यासाठी जुलै २०२४ मध्ये ६.६ आवृत्तीत ओव्हरराइड आले. मूळ पट्ट्यातला मथळा, परिच्छेद, चित्र किंवा बटण यांपैकी हवे ते ब्लॉक ‘या पानावर बदलू द्या’ असे खुले करता येतात, त्यांना नाव देऊन. रचना, रंग, मोकळ्या जागा यांना त्या पानावर हात लागत नाही. वहिनी स्वतः लॅपटॉपवर बसून दर बदलते तेव्हा तिच्या हातून पट्टा विस्कटत नाही, ही निश्चिंती फार मोठी आहे. ती म्हणाली, “ताई, आता मला तुम्हाला रात्री फोन करायला नको.”

यात एक बारकावा ध्यानात ठेवा. ज्या पानावर एखादी ओळ ओव्हरराइड केली आहे, तिथे मूळ पट्ट्यातला नवा मजकूर जात नाही, त्या पानाचाच राहतो. म्हणून तारखेशी किंवा हंगामाशी बांधलेली ओळ कधीही खुली ठेवू नये. आमच्या पट्ट्यात पदार्थाचा मथळा आणि बटण खुलं आहे, ‘परदेशी ऑर्डर चालू’ किंवा ‘बंद’ ही ओळ फक्त मुळात बदलते. एखाद्या पानाला पुन्हा मुळाप्रमाणे करायचं असेल तर टूलबारमध्ये रिसेट आहे.

बटण खुलं ठेवण्याचं आणखी एक कारण. एडिटर क्लिक मोजत नाही. आम्हाला ते मोजण्याचा पसाराही नको होता, पण ऑर्डर कुठल्या पानावरून आली हे कळायला हवं होतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या दुव्यात आधीच लिहून ठेवलेला संदेश जोडता येतो. प्रत्येक पानाच्या बटणात मी वेगळा संदेश टाकला: ‘नमस्कार, चकलीची ऑर्डर द्यायची आहे’, ‘नमस्कार, भाजणी हवी आहे’. वहिनीच्या फोनवर संदेश येतो तेव्हाच तो कुठल्या पानावरचा, हे कळतं. ग्राहकालाही सुरुवात कशी करायची हा संकोच राहत नाही. दुव्यात क्रमांक ९१ पासून लिहायचा, आधी अधिकचं चिन्ह नाही, शून्य नाही, मधे रेघा नाहीत. परदेशातून उघडणाऱ्यांसाठी हे अत्यावश्यक आहे. मराठी संदेश दुव्यात गेला की त्याचं सांकेतिक रूप खूप लांब होतं, कारण देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाची नऊ चिन्हं होतात. ‘चकली’ या एकाच शब्दाची छत्तीस. ते पाहून दचकू नका, दुवा व्यवस्थित चालतो. संदेश आटोपशीर ठेवा म्हणजे झालं.

बटणावर काय लिहावं? दाबल्यावर जे घडणार तेच. ‘ऑर्डर द्या’ लिहून मधे दरपत्रक उघडलं तर माणूस मागे फिरतो. आमची दोन बटणं ‘व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर द्या’ आणि ‘दर पाहा’ अशी आहेत.

उणिवा आता सांगते. मी वापरते त्या आवृत्तीत फोन, टॅबलेट आणि संगणक यांसाठी वेगवेगळी मापं एडिटरमधून देता येत नाहीत. पूर्ण पेज बिल्डरमध्ये ही सोय सहसा असते आणि तिची उणीव रोज जाणवते. कॉलम ब्लॉक ७८२ पिक्सेलच्या खाली एकाखाली एक येतात, पण त्यांचा क्रम उलटा करायचा तर सीएसएस (पानाचं रूप ठरवणारा कोड) लिहावं लागतं. बटणावर माऊस नेल्यावर रंग बदलायलाही तेच. पट्टा चिकटता ठेवण्याची सोय मार्च २०२३ च्या ६.२ पासून ग्रुप ब्लॉकला आहे, पण तो पडद्याच्या वरच्या कडेलाच चिकटतो. फोनवर अंगठा जिथे असतो त्या खालच्या कडेला ऑर्डरचं बटण कायम हवं असेल, तर अ‍ॅडिशनल सीएसएसच्या काही ओळींना पर्याय नाही. ज्यांना सीएसएसला हातच लावायचा नाही, त्यांनी हे आधी विचारात घ्यावं.

पाककृतींच्या पानांसाठी मी पट्टा टेम्पलेटमध्येच (त्या पानांच्या सामाईक साच्यात) बसवला आहे, म्हणजे नवी पाककृती लिहिली की तो खाली आपोआप येतो. तिथे पानागणिक मजकूर बदलत नाही, सगळीकडे ‘घरी करायला वेळ नसेल तर आमच्याकडून मागवा’ हीच ओळ जाते, आणि पाककृतींना ती चालते. पदार्थांच्या पानांवर मात्र पट्टा हातानेच टाकते, ओव्हरराइड हवेत म्हणून. सध्या कुरडयांचा हंगाम आवरत आलाय. पुढच्या आठवड्यात मूळ पट्ट्यातली ओळ भाजणी आणि मेतकुटाकडे वळवायची आहे, आणि श्रावणाआधी उपवासाच्या भाजणीचं नवं पान करायचं आहे.